कर्करुग्णाचे जीवनमान कसे मोजावे: प्रश्नावलीच्या निवडीपासून गुणांच्या अर्थापर्यंत

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात कर्करोगावर उपचार घेणारी माणसे फार निरनिराळ्या घरांतून येतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था असल्याने शहापूर-मुरबाडपासून उरण-पनवेलपर्यंतचे आणि त्याहून कितीतरी लांबचे रुग्ण लोकलने, एसटीने, रिक्षाने या भागात येत असतात. त्यांच्या फायलीत गाठीचा आकार, रोगाची अवस्था, हिमोग्लोबिन, स्कॅनचे अहवाल असे सारे काही असते. मात्र भाकरी गिळता येते की पेजेवर दिवस काढावे लागतात, स्टेशनचा पूल एका दमात चढता येतो की मध्ये दोनदा थांबावे लागते, रात्री झोप लागते की छताकडे बघत पहाट होते, हे त्या फायलीत क्वचितच सापडते. आरोग्याशी निगडित जीवनमान मोजणे म्हणजे या गोष्टी रुग्णाच्याच तोंडून, ठरलेल्या पद्धतीने आणि तुलना करता येईल अशा रीतीने नोंदवणे होय. ज्या परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते हे काम प्रथमच हाती घेत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो. गुण काढण्याचे गणित एका दुपारी शिकता येते, पण प्रश्न नीट विचारण्याची सवय लागायला कित्येक महिने जातात, आणि मोजमाप विश्वासार्ह ठरते ते त्या सवयीमुळेच.

आधी प्रश्न ठरवा, मग प्रश्नावली

बहुतेक प्रकल्प उलट्या टोकाकडून सुरू होतात. कोणीतरी एक प्रसिद्ध प्रश्नावली मिळवतो, शंभर रुग्णांकडून ती भरून घेतो आणि नंतर यातून काय शोधायचे याचा विचार करू लागतो. त्याऐवजी एका वाक्यात आपला हेतू कागदावर लिहावा. ‘तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेल्या रुग्णांना सहा महिन्यांनी गिळण्याचा आणि बोलण्याचा त्रास किती उरतो’ हा मोजता येण्याजोगा हेतू आहे; ‘कर्करुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास’ हा नाही. हेतू नेमका असेल तर कोणती प्रश्नावली, किती वेळा आणि कोणाला विचारायची, हे त्यातूनच ठरत जाते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. डॉक्टर फायलीवर ईकॉगची श्रेणी, म्हणजे रुग्ण कितपत हिंडता-फिरता आहे याचा अंदाज, लिहितात. ० म्हणजे पूर्वीसारखाच कामाचा, ४ म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला आणि ५ म्हणजे मृत्यू. ही श्रेणी उपयुक्त असली तरी ती डॉक्टरांच्या नजरेतून दिलेली असते. श्रेणी १ असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला रात्रभर झोप नसते, तर दुसरा पुन्हा कामावर जाऊ लागलेला असतो. जीवनमानाची नोंद म्हणून ईकॉगची श्रेणी पुढे करू नये.

साधनाची निवड

जगभर सर्वाधिक वापरली जाणारी कर्करोगविषयक प्रश्नावली म्हणजे ईओआरटीसी या युरोपीय संघटनेची क्यूएलक्यू-सी३०. नील ॲरनसन आणि सहकाऱ्यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि सध्या तिची तिसरी आवृत्ती वापरात आहे. नावाप्रमाणे तिच्यात ३० प्रश्न आहेत. त्यांतून शारीरिक क्षमता, नेहमीची कामे, भावनिक स्थिती, लक्ष व स्मरण आणि सामाजिक जीवन अशा पाच कार्यक्षमतेच्या मोजपट्ट्या मिळतात; थकवा, मळमळ-उलटी आणि वेदना या तीन लक्षणांच्या मोजपट्ट्या मिळतात; धाप, निद्रानाश, भूक मंदावणे, बद्धकोष्ठता, जुलाब आणि आर्थिक अडचण यांसाठी एकेक प्रश्न असतो; आणि शेवटचे दोन प्रश्न एकूण आरोग्य व एकूण जीवनमान यांविषयी असतात. या गाभ्याला अवयवानुसार पुरवणी जोडता येते. डोके-मान कर्करोगासाठी ३५ प्रश्नांची पुरवणी आणि तिची नवी ४३ प्रश्नांची आवृत्ती आहे, तसेच स्तन, फुप्फुस, गर्भाशयमुख आणि अन्ननलिका यांच्याही पुरवण्या आहेत. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ही पुरवणी न जोडता केवळ सी३० वापरणे म्हणजे ज्या त्रासाने माणूस पिचला आहे तोच न विचारणे होय, कारण लाळ सुकणे, तोंड उघडता न येणे, चारचौघांत जेवायला संकोच वाटणे हे सी३० मध्ये कुठेच नाही.

दुसरा पर्याय फॅक्ट-जी हा आहे. डेव्हिड सेला यांच्या गटाने तोही १९९३ मध्येच मांडला. त्यातील २७ विधानांना ० ते ४ असे गुण असतात आणि बेरीज ० ते १०८ यांच्या दरम्यान येते. सी३० लक्षणांकडे अधिक बारकाईने पाहते, तर फॅक्ट-जीमध्ये घरच्यांचा आणि मित्रांचा आधार, मनातली भीती, आजार स्वीकारणे यांना जास्त जागा आहे. समुपदेशनाचा परिणाम पाहायचा असेल तर मी फॅक्ट-जी निवडेन. उपचारांच्या खर्चाची आणि लाभाची तुलना करायची असेल तर ईक्यू-५डी-५एल लागते. तिच्यात पाचच प्रश्न आणि ० ते १०० ची एक उभी पट्टी असते, ती केवळ ‘आज’विषयी विचारते आणि तिच्यासाठी भारतीय लोकांच्या पसंतीवर आधारलेले मूल्यांक उपलब्ध आहेत. संशोधन नको, फक्त रोजच्या बाह्यरुग्ण विभागात कोणाला काय त्रास आहे हे पटकन कळावे एवढाच हेतू असेल, तर एडमंटन लक्षणमापनासारखी ० ते १० ची एकपानी पट्टी पुरेशी आहे. दोन मोठ्या प्रश्नावल्या एकाच बैठकीत भरून घेण्याचा मोह आवरावा. थकलेला माणूस दुसऱ्या प्रश्नावलीची सरळ एकच उभी रांग खुणावत जातो.

परवानगी आणि मराठी मजकूर

या प्रश्नावल्यांवर स्वामित्वहक्क असतो. सी३० शैक्षणिक कामासाठी विनामूल्य मिळते, पण संघटनेच्या संकेतस्थळावर रीतसर विनंती नोंदवावी लागते आणि तेव्हाच भाषा निवडून अधिकृत मराठी मजकूर मागवता येतो. कोणाच्या तरी प्रबंधाच्या परिशिष्टातून छायाप्रत काढून ती वापरू नये आणि स्वतः भाषांतर तर मुळीच करू नये. अधिकृत भाषांतरात दोन जण स्वतंत्रपणे मराठीत आणतात, त्यांचा मेळ घातला जातो, मग तो मजकूर पुन्हा इंग्रजीत नेऊन पडताळला जातो आणि शेवटी रुग्णांना वाचायला देऊन तो कितपत कळतो हे तपासले जाते. त्यातला एक शब्दही आपण बदलला तर आपले गुण इतरांच्या गुणांशी जुळवता येत नाहीत. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती या दोन्ही गोष्टी पहिल्या रुग्णाआधी हातात असाव्यात. अर्जावर नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक लिहावा. नावांची यादी वेगळ्या कुलपात राहील.

केव्हा विचारायचे

पहिली नोंद उपचार सुरू होण्यापूर्वीची हवी. ती हुकली तर पुढच्या साऱ्या आकड्यांना टेकू उरत नाही, कारण थकवा उपचाराने आला की आधीपासूनच होता हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. त्यानंतर उपचाराच्या मध्यावर, शेवटी आणि मग तीन, सहा व बारा महिन्यांनी नोंद घेण्याची पद्धत सोयीची आहे. तोंडावरच्या किरणोपचारात त्रास शेवटच्या आठवड्यांत आणि उपचार संपल्यावर लगेचच्या दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून ती भेट चुकवू नये.

केमोथेरपीत तर वार आणि तारीख यांना फार महत्त्व आहे. सी३० चे पहिले पाच प्रश्न सोडले तर बाकीचे सगळे ‘गेल्या आठवड्यात’ काय झाले ते विचारतात. तीन आठवड्यांच्या चक्रात रुग्ण पुढच्या सलाइनसाठी येतो तो एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी, म्हणजे अंगात पुन्हा जीव आल्यावर. मळमळ, उलट्या आणि तोंड येणे हे बहुधा पहिल्या दहा दिवसांतच होऊन गेलेले असते. माझ्या पहिल्या कामात आम्ही सोयीचे म्हणून रुग्ण सलाइनसाठी आल्याच दिवशी अर्ज भरून घेतले आणि मळमळीचे गुण इतके कमी आले की औषधे फारच सुसह्य आहेत असा निष्कर्ष निघू लागला. प्रत्यक्षात त्यांतल्याच कितीतरी बायका घरी चार-चार दिवस पाण्यावर काढत होत्या. आकडे खरे होते, पण ते चुकीच्या आठवड्याचे होते. त्यामुळे चक्रातला दिवस आधी ठरवावा, प्रत्येक वेळी तोच दिवस पाळावा आणि तो अर्जावर लिहावा. तो दिवस भेटीचा नसेल तर फोनवर विचारावे, पण मग सर्वांना फोनवरच विचारावे. काहींना समोर बसवून आणि काहींना फोनवर, अशी सरमिसळ करू नये.

कसे विचारायचे

अर्ज डॉक्टरांना भेटण्यापूर्वी भरून घ्यावा. तपासणीनंतर ‘गाठ कमी झाली आहे’ हे ऐकून बाहेर आलेला माणूस सकाळच्या वेदनाही विसरतो आणि उलट बातमी मिळालेला माणूस काहीच भरू शकत नाही. रांगेतल्या बाकावर, शेजारच्या चार जणांच्या कानांवर पडेल असे प्रश्न वाचू नयेत. दोन खुर्च्या मावतील असा एखादा कोपरा मिळवावा आणि किती वेळ लागेल ते आधीच सांगावे. सी३० ला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात.

वाचता येत असेल त्याने स्वतः भरावे, कारण काही गोष्टी माणूस कागदाला सांगतो पण समोरच्याला सांगत नाही. वाचता येत नसेल किंवा चष्मा घरी राहिला असेल तर आपण वाचून दाखवावे, आणि ज्याने वाचून दाखवले त्याचे आद्याक्षर अर्जावर लिहावे. वाचताना मजकूर जसाच्या तसा, सावकाश आणि एका सुरात वाचावा. ‘झोपेचा काही त्रास नाही ना?’ असे विचारले की उत्तर नाहीच येणार. काकू, मावशी, दादा म्हणून जिव्हाळ्याने बोलावे, मात्र पर्याय निवडण्यात मदत करू नये.

येथे मराठीचे काही बारकावे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. ‘कसं वाटतंय?’ याला आपल्याकडे ‘बरं आहे’ हेच सभ्य उत्तर आहे, मग आतून कितीही कळा येत असोत. चार पर्यायांपैकी मधले दोन, म्हणजे थोडे आणि बरेच, यांत माणसे घोटाळतात. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द तर आपण चांगल्या अर्थानेच वापरतो, त्यामुळे वाचणाऱ्याने अधिकृत शब्दाऐवजी सहज म्हणून तो वापरला तर त्रासाच्या प्रश्नाला रुग्ण नेमके उलटे उत्तर देतो. चारही पर्याय मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर छापून रुग्णाच्या हातात द्यावेत आणि बोट ठेवायला सांगावे. वेदनेच्या प्रश्नाला किरणोपचाराचे रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ‘पण आग आग होते’, ‘ठणकतं’, ‘सणक जाते’ असे सांगतात. अशा वेळी आपण अर्थ लावून खूण करू नये. प्रश्न पुन्हा तसाच वाचावा, ‘तुम्हाला जे होतं ते यात धरायचं का, हे तुम्हीच ठरवा’ एवढे म्हणावे आणि त्यांचे शब्द समासात लिहून ठेवावेत. समासातल्या अशा नोंदी पुढे डॉक्टरांच्या फार कामाला येतात. थकव्याच्या मोजपट्टीत विश्रांतीची गरज, अशक्तपणा आणि थकणे असे तीन वेगळे प्रश्न असतात. ‘हे तर मघाशीच विचारलंत’ असे रुग्ण म्हणाला तरी तिन्ही विचारावेत.

नातेवाइकांचा प्रश्न नाजूक आहे. मुलगा किंवा सून शेजारी बसलेली असते आणि रुग्णाआधी तीच उत्तर देते. त्यामागे प्रेमच असते, तरीही ते उत्तर त्यांचे असते, रुग्णाचे नसते. जुलाब, चालणे, उलट्या अशा दिसणाऱ्या गोष्टींत दोघांची उत्तरे बरीच जुळतात, परंतु मनातल्या गोष्टींत जुळत नाहीत, आणि एकूण जीवनमान नातेवाईक बहुधा रुग्णापेक्षा खालचे धरतात. त्यांना औषधे आणायला किंवा चहा घ्यायला पाठवण्यात काहीच गैर नाही. रुग्णाला बोलणेच शक्य नसेल तर नातेवाइकाकडून भरून घ्यावे, पण तसे ठळक लिहावे आणि ते अर्ज वेगळे मोजावेत. पुष्कळ घरांत रुग्णाला ‘गाठ आहे’ एवढेच सांगितलेले असते, त्यामुळे कर्करोग हा शब्द आपल्या तोंडून प्रथम निघता कामा नये. सी३० चे प्रश्न शारीरिक स्थिती आणि वैद्यकीय उपचार असेच शब्द वापरतात, पण संमतिपत्रात आणि पुरवणीच्या शीर्षकात काय छापले आहे ते आधी पाहून घ्यावे.

लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न डोके-मान, स्तन आणि गर्भाशयमुख या पुरवण्यांत आहेत. ते परस्पर गाळण्याची पद्धत मला मान्य नाही. त्या त्रासाविषयी याआधी त्या बाईला कोणीच विचारलेले नसते. बाईंना बाईनेच, दार लोटून, ‘नको असेल तर सोडा’ असे आधी सांगून विचारावे. आर्थिक अडचणीचा प्रश्नही असाच घाईत उरकला जातो. महात्मा फुले योजनेतून उपचार झाला असेल तर ‘खर्च कसला’ असे आपणच गृहीत धरतो, पण बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या माणसाचा खाडा, खारघरच्या आसपास घेतलेल्या खोलीचे भाडे हे सारे त्याच प्रश्नात येते.

राहिलेली उत्तरे आणि न आलेली माणसे

अर्ज हातात आल्याबरोबर, रुग्ण समोर असतानाच, रिकाम्या जागा तपासाव्यात. मागचे पान उलटायचे राहून जाणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. तरीही काही उत्तरे राहिली, तर त्या मोजपट्टीतले निम्मे किंवा अधिक प्रश्न सोडवलेले असताना राहिलेल्या उत्तरांच्या जागी सोडवलेल्यांची सरासरी धरता येते. निम्म्याहून कमी असतील तर ती मोजपट्टी रिकामी सोडावी. एकाच प्रश्नाच्या मोजपट्टीत ही सवलत नाही.

संपूर्ण अर्जच न मिळणे याहून गंभीर आहे. जो फार आजारी आहे तो येत नाही, आणि जो येतो तो बरा असतो म्हणून येतो. वर्षअखेरीस फक्त आलेल्यांची सरासरी काढली तर सगळे सुधारल्याचे चित्र उमटते. म्हणून प्रत्येक हुकलेल्या अर्जासाठी कारण लिहावे: मृत्यू, प्रकृती फार खालावली, नकार, गावी गेले, की आपणच विसरलो.

गुण काढणे

चार पर्यायांना सर्वांत सौम्य १ ते सर्वांत तीव्र ४ असे आकडे असतात. प्रत्येक मोजपट्टीतील उत्तरांची आधी सरासरी काढायची. मग लक्षणांसाठी त्या सरासरीतून १ वजा करून ३ ने भागायचे आणि १०० ने गुणायचे. कार्यक्षमतेसाठीही तेच करायचे, पण भागाकार १ मधून वजा करून मग १०० ने गुणायचे. शेवटच्या दोन प्रश्नांत पर्याय १ ते ७ असल्याने तेथे लक्षणांसारखेच गणित करायचे, पण ३ ऐवजी ६ ने भागायचे; येथे मात्र जास्त गुण म्हणजे चांगली स्थिती.

उदाहरण म्हणून उरणच्या एका काल्पनिक मावशी घेऊ. शारीरिक क्षमतेच्या पाच प्रश्नांना त्यांची उत्तरे ३, ३, २, २, १ अशी आली. बेरीज ११, सरासरी २.२, त्यातून १ गेला १.२, भागिले ३ म्हणजे ०.४, १ मधून ०.४ गेले ०.६, म्हणजे ६० गुण. थकव्याच्या तीन प्रश्नांना ३, ३, २ अशी उत्तरे आली, तर सरासरी २.६७ आणि गुण ५५.६. एकूण जीवनमानाच्या दोन प्रश्नांना ४ आणि ५ आले, तर सरासरी ४.५ आणि गुण ५८.३. येथे ६० आणि ५५.६ शेजारी ठेवून त्यांची सरासरी काढणारे मी पाहिले आहेत. ते सर्वस्वी चूक आहे, कारण कार्यक्षमतेत जास्त गुण म्हणजे चांगली स्थिती आणि लक्षणांत जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. एकच आकडा हवा असेल तर त्यासाठी मान्य पद्धत आहे. लक्षणांचे गुण १०० मधून वजा करून उलटवायचे आणि एकूण जीवनमान व आर्थिक अडचण वगळून उरलेल्या तेरा मोजपट्ट्यांची सरासरी घ्यायची.

आकड्याचा अर्थ

१९९८ मध्ये डेव्हिड ओसोबा आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांनाच विचारले की तुम्हाला स्वतःत किती फरक जाणवला, आणि ते उत्तर गुणांतल्या बदलाशी ताडून पाहिले. साधारण ५ ते १० गुणांचा बदल थोडा, १० ते २० चा मध्यम आणि २० हून अधिक मोठा, असा अंदाज त्यातून निघाला. नंतरच्या अभ्यासांत मोजपट्टीनुसार या सीमा बदलतात असे दिसले, तरी सुरुवातीसाठी १० गुणांची खूणगाठ उपयोगी आहे. मावशींचा उपचारापूर्वीचा शारीरिक गुण ८० असेल तर २० ची ही घसरण मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावरची आहे, मग संगणकाने दिलेला सांख्यिकी निकाल काहीही असो. मात्र एकेका रुग्णाकडे पाहताना सावध राहावे. झोपेसारख्या एकाच प्रश्नाच्या मोजपट्टीत ०, ३३.३, ६६.७ आणि १०० एवढेच गुण शक्य आहेत, म्हणून खूण एका घराने सरकली तरी फरक ३३ चा दिसतो.

आणखी एक गोष्ट. वर्षभरानंतर तोंड अर्धेच उघडत असताना माणूस ‘आता चांगलं आहे’ म्हणतो आणि एकूण जीवनमानाला ६ देतो. ते खोटे नसते, त्याचे मोजण्याचे मापच बदललेले असते. अशा वेळी एकूण गुणाशेजारी तोंड उघडण्याचा आणि गिळण्याचा गुणही छापावा. नुसत्या एकूण गुणावरून फिजिओथेरपीची गरज नाही असे ठरवू नये.

उत्तर रुग्णापर्यंत परत नेणे

न्यूयॉर्कमध्ये ईथन बॅश यांच्या गटाने पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर एक चाचणी केली. एका गटातील रुग्ण आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवत आणि त्रास वाढला की परिचारिकेला लगेच सूचना जाई; दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल मिळे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात पहिल्या गटाचा मध्यक जीवनकाल ३१.२ महिने आणि दुसऱ्याचा २६ महिने होता. ही नोंद कपाटात ठेवण्यासाठी नाही याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

म्हणून पहिला अर्ज भरण्यापूर्वीच एक नियम लिहून ठेवावा. वेदना, धाप, उलट्या किंवा मनःस्थिती यांतील कोणत्याही प्रश्नाला सर्वांत तीव्र पर्याय आला, तर त्याच दिवशी रुग्णाला डॉक्टरांपर्यंत न्यायचे. बोलण्यात जीव नकोसा झाल्याचा सूर आला तर त्या माणसाला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचे आणि घरच्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्यायचा. सर्व रुग्णांच्या बाबतीत मागचे आणि आजचे गुण एका पानावर मांडून ते पान तपासणीपूर्वी फायलीच्या वर लावायचे. त्या पानावर ‘काय केले’ असा एक रकाना ठेवावा. त्यात ‘डॉक्टरांना सांगितले’ एवढेच लिहू नये. वेदनाशामकाची मात्रा बदलली, आहारतज्ज्ञाकडे पाठवले, झोपेसाठी अमुक सुचवले, असे नेमके लिहावे. पुढच्या भेटीत मावशी आल्या की आधी नवा अर्ज भरून घ्यावा, म्हणजे आपल्या बोलण्याने त्यांचे उत्तर वळणार नाही, आणि तो भरून झाला की मागचा रकाना त्यांना वाचून दाखवून विचारावे, ‘मावशी, मागच्या वेळी गिळायला आग होते म्हणालात, म्हणून औषध बदललं होतं, आता भात उतरतो का?’